मानेची लचक आणि भरपाईचा टक्का



संतवाङ्मय, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत आम्ही लचकलेली मान घेऊन बसलो आहोत, याचे तुम्हांपैकी काहींना हसू येईल. पण समोर बसलेल्यांत पेढीवाले आहेत, ट्रकमालक आहेत, कारखान्यात घाम गाळणारे आहेत, विमा कंपनीत लेखणी चालवणारे आहेत, आणि एखाददुसरे वकीलही दिसत आहेत. या सर्वांची गाठ एका प्रश्नाशी कधी ना कधी पडते. कामावर माणूस पडला, हाड मोडले नाही, रक्त आले नाही, क्ष-किरण चित्र स्वच्छ निघाले, आणि तरी तो म्हणतो की मान वळत नाही, ओझे उचलवत नाही. त्याला काय द्यावयाचे, आणि कोणत्या मापाने मोजून?

तुटलेले बोट पाहून कोणी शंका घेत नाही. लचकलेली मान मात्र फक्त तिच्या धन्यालाच जाणवते. म्हणून या दुखापतीत दोन्ही बाजूंचे नुकसान होऊ शकते. खरा दुखावलेला सोंगाड्या ठरतो, आणि क्वचित सोंगाड्या दुखावलेला ठरतो. आमच्या मते पहिला अन्याय दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतो; पण दुसरा घडतच नाही असे आम्ही म्हणणार नाही.

आधी मान म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सात मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, मागच्या बाजूला दोन्हीकडे लहान सांधे, हे सारे बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि त्यांवर स्नायूंचे थर. या सगळ्या डोलाऱ्यावर साडेचार-पाच किलोंचे डोके तोललेले असते. मागून गाडीने ठोकर दिली की बसलेल्याचे धड पुढे ढकलले जाते आणि डोके मागे राहते. त्या क्षणी मान नागमोडी होते. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास घडते. स्नायूंना सावध होऊन मान आवळून धरण्याइतकीही सवड मिळत नाही. यालाच पाश्चात्त्य लोक ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, म्हणतात. हा शब्द १९२८ साली हॅरल्ड क्रो या अमेरिकन डॉक्टरांनी वापरला. शब्द चटकदार असल्यामुळे तो लोकांच्या तोंडी बसला, आणि रोगाचे नाव नसून केवळ धक्का कसा बसला याचे ते वर्णन आहे, हे सगळे विसरून गेले.

हा वाद मात्र मोटारीच्याही आधीचा आहे. इंग्लंडात आगगाड्या सुरू झाल्या, अपघात होऊ लागले, आणि अंगावर ओरखडा नसलेले उतारू पाठीच्या कण्याचे दुखणे सांगत न्यायालयात जाऊ लागले. १८६६ साली लंडनच्या जॉन एरिक्सन या शस्त्रवैद्यांनी या विषयावर व्याख्याने छापली. धक्क्याने मज्जारज्जूलाच इजा होते, असे त्यांचे म्हणणे. ‘रेल्वे स्पाइन’ हे दुखण्याचे नाव त्या काळी घरोघरी पोचले. मग १८८३ साली हर्बर्ट पेज पुढे आले. बऱ्याच रोग्यांत मज्जारज्जूला काही झालेले नसते, भयाचा मनावर आघात झालेला असतो, असे त्यांनी ग्रंथ लिहून मांडले. हे पेजसाहेब लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी होते, हेही सांगितले पाहिजे. त्यावरून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. पण कोणाचा पगार घेऊन डॉक्टर बोलतो, हा प्रश्न तेव्हापासून या दुखण्याला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

आता कायद्याकडे वळू. कामगाराला दुखापत झाली तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे तत्त्व जर्मनीत बिस्मार्कने १८८४ च्या कायद्याने आणले, इंग्लंडात ते १८९७ साली आले, आणि आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. २०१० सालापासून त्या कायद्याच्या नावातला जुना शब्द गेला आणि ‘कर्मचारी’ आला. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो पोटात घेतला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. चौकट मात्र बव्हंशी जुनीच आहे. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघाताने झालेली इजा, हे त्या चौकटीचे मुख्य लाकूड. संहितेने एक गोष्ट स्पष्ट लिहिली. घरून कामावर जाताना अथवा परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी वेळ-स्थळ-परिस्थितीने संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातला मानावयाचा. स्कूटरला मागून धक्का बसून मान लचकणाऱ्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

ज्या कारखान्यांना राज्य विमा योजना लागू आहे तेथील कामगारांचा मार्ग वेगळा. प्रा. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. तिथे विमेकऱ्याला महामंडळाकडून लाभ मिळतो आणि कायमचे अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते. त्या मार्गाने जाणाऱ्याला मालकावर भरपाईचा निराळा दावा लावता येत नाही. आज आम्ही बोलतो आहोत ते मुख्यतः या योजनेच्या बाहेर राहिलेल्यांविषयी.

१९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात इजांची यादी आणि प्रत्येकीपुढे टक्का. अंगठा गेला तर ३०, तर्जनी संपूर्ण गेली तर १४, एक डोळा गेला व दुसरा चांगला असला तर ४०. वाण्याच्या भावफलकासारखी ही यादी आहे आणि तिच्या या रोखठोकपणाचा फायदाही आहे. भांडण राहत नाही. पण त्या यादीत मानेची लचक नाही. यादीत नसलेल्या इजेला कायदा म्हणतो: त्या इजेने कमाईची शक्ती कायमची जितकी घटली असे वैद्यकीय व्यवसायी ठरवील, तितका टक्का. म्हणजे कायद्याने तराजू आमच्या हाती दिला, वजने मात्र दिली नाहीत.

त्या टक्क्याचे रुपयात काय होते ते पाहा. समजा, मार्केट यार्डात चाळीस वर्षांचा एक हमाल आहे. फळीवरून ट्रकात पोते चढवताना पाय घसरला, डोक्यावरचे पोते एका अंगाला कलंडले आणि मान त्याच्याबरोबर पिळली गेली. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाई. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या कोष्टकातला चाळिशीचा आकडा १८४.१७ ने गुणावयाचे. होतात १६,५७,५३०. डॉक्टरने दहा टक्के लिहिले तर त्याला १,६५,७५३ मिळतील, वीस लिहिले तर ३,३१,५०६, आणि शून्य लिहिले तर काही नाही. लेखणीच्या एका फटकाऱ्याने पावणेदोन लाख इकडचे तिकडे होतात. मुलीचे शिक्षण, घराचे छप्पर, सावकाराचे देणे, सगळे त्यात येते. आणि दुसऱ्या बाजूला मालकही बहुतेक वेळा टाटा-बिर्ला नसतो. दोन ट्रकांचा धनी असतो.

तर तो टक्का काढावा कसा?

पहिली गोष्ट, हकीकत. ती नीट ऐकून घेणे हे निम्मे काम आहे, आणि नेमके तेच आमचे व्यवसायबंधू घाईत उरकतात. धक्का कोणत्या बाजूने आला? डोके कुठे वळलेले होते? दुखणे लगेच सुरू झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी? येथे अनेकजण फसतात. ‘त्या दिवशी तर हा चालत घरी गेला’ असे मुकादम सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पण लचकलेल्या मानेचे दुखणे काही तासांनी, पुष्कळदा रात्र उलटल्यावर, जोर धरते. चालत घरी जाणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट, धोका वगळणे. लचक म्हणण्यापूर्वी हाड मोडलेले नाही, मज्जारज्जू दाबलेला नाही, ही खात्री हवी. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ साली यासाठी एक सोपा नियम प्रसिद्ध केला: वय पासष्ट वा अधिक, मोठ्या उंचीवरून पडण्यासारखा घातक अपघात, अथवा हातापायांत मुंग्या, यांपैकी काहीही असल्यास चित्र काढलेच पाहिजे. यांपैकी काही नसले आणि धोका कमी दाखवणारी एखादी खूण असली, तरच मान वळवून पाहावी; दोन्हीकडे पंचेचाळीस अंश वळली तर चित्रावाचून चालते. आपल्याकडे उलट होते. गरज असो नसो, चित्र आधी काढतात, आणि मग त्या चित्राचेच गुलाम होतात.

त्या चित्राबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण वादाची मुळे तेथे आहेत. १९९० साली अमेरिकेत मानेचे कसलेही दुखणे नसलेल्या त्रेसष्ट लोकांच्या मानेची चुंबकीय चित्रे काढली गेली. चाळिशीच्या आतल्या पाव लोकांत आणि चाळिशीपुढच्या जवळजवळ साठ टक्क्यांत एखादी तरी चकती झिजलेली अथवा अरुंद झालेली सापडली. आणि त्यांना दुखत तर काहीच नव्हते! यातून दोन धडे निघतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. कामगाराचा वकील चित्रातली झीज दाखवून ‘पाहा, केवढी इजा’ म्हणतो, तेव्हा ती झीज अपघाताचीच आहे असे म्हणता येत नाही. आणि विमा कंपनीचा वकील तेच चित्र हातात घेऊन ‘हे तर वयाचे, अपघाताचे काही नाही’ म्हणतो, तेव्हा तेही टिकत नाही. कारण ती झीज कालपर्यंत मुकाट होती, माणूस कालपर्यंत पोती वाहत होता, आणि आज वाहू शकत नाही. मधे काय घडले? अपघात घडला.

मुंबई उच्च न्यायालयाने १९५३ साली, न्या. छागला मुख्य न्यायमूर्ती असताना, गोदीतल्या एका पहारेकऱ्याच्या विधवेच्या दाव्यात हा विचार हृदयविकाराच्या बाबतीत मांडला होता. रोग आधीपासून असला तरी कामाच्या ताणाने त्याला हातभार लावला वा मृत्यू ओढवून आणला, तर कामाशी संबंध जुळतो. मानेला हे तत्त्व लावताना आम्हांला काही अडचण दिसत नाही. कॅलिफोर्नियात मात्र २००४ साली कायदा बदलला आणि कायमच्या अपंगत्वातला किती भाग अपघाताचा व किती इतर कारणांचा याची वाटणी डॉक्टरकडून लिहून घेऊ लागले. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ‘तीस टक्के वयाचे, सत्तर अपघाताचे’ असे आकडे कोठून आले, हे विचारले तर बरेच डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागतील.

तिसरी गोष्ट, अंगाला हात लावून केलेली तपासणी. येथे कौशल्य आहे आणि घाई चालत नाही. मानेच्या हालचाली मोजाव्यात. निरोगी मान पुढे सुमारे पन्नास अंश वाकते, मागे साठ, दोन्ही खांद्यांकडे पंचेचाळीस, आणि वळते ऐंशीपर्यंत. नुसत्या डोळ्यांनी अदमास घेऊ नये, कोनमापक लावून तीनदा मोजावे. तिन्ही वेळा जवळपास एकच आकडा आला तर तो विश्वासाचा. फार फरक पडला तर? तर लगेच ‘ढोंग’ लिहू नये. दुखणारा माणूस भितो, दुसऱ्या वेळी आधीच थबकतो. तो शर्ट काढताना, खाली ठेवलेली पिशवी उचलताना, दारातून कोणी हाक मारली असता मान कशी वळवतो, तेही न बोलता पाहावे. दोन्ही गोष्टी टिपाव्यात आणि निष्कर्षापासून वेगळ्या ठेवाव्यात.

मग मज्जातंतू. मानेतून निघालेली सहावी नस अंगठ्याकडे जाते, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. बधिरपणा या नकाशाशी जुळतो का? कोपरापाशी हातोडीचा ठोका दिला तर हात उडतो का? दंडाचा घेर फितीने मोजला तर एक बाजू सुकली आहे का? या खुणा सोंगाने आणता येत नाहीत. क्वेबेकच्या तज्ज्ञ मंडळाने १९९५ साली जी प्रतवारी केली ती याच आधारावर. नुसते दुखणे असेल तर पहिली प्रत. दुखण्यासोबत हालचाल कमी आणि दाबल्यावर ठिकाणी दुखणे असेल तर दुसरी. मज्जातंतूची खूण असेल तर तिसरी. हाड मोडले वा निखळले तर चौथी. कामगारांचे बहुतेक दावे पहिल्या दोन प्रतींतले असतात, आणि भांडणेही तिथेच असतात.

ढोंग ओळखण्याच्या चाचण्यांविषयी आम्हांला नेहमी विचारतात. स्कॉटलंडचे गॉर्डन वॉडेल यांनी १९८० साली कंबरदुखीसाठी काही खुणा सांगितल्या. डोक्यावर हलके दाबले असता कंबर दुखते असे म्हणणे, ही त्यांतली एक. दुखण्यात मनाचा भाग किती आहे हे कळून उपचार नीट व्हावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. न्यायालयांत मात्र या खुणा खोटारडा पकडण्याचा सापळा म्हणून वापरल्या गेल्या, आणि आता त्या कमरेवरून मानेवरही आणतात. हे वॉडेल यांनाच मान्य नव्हते.

कोणी म्हणेल, पण पैशाने दुखणे लांबते हे तरी खरे ना? या बाबतीत दोन अभ्यास नेहमी पुढे केले जातात. लिथुआनियात, जिथे भरपाईची फारशी रीत नव्हती, मागून धडक बसलेल्या सुमारे दोनशे लोकांना एक ते तीन वर्षांनी विचारले. मान दुखते म्हणणारे ३५ टक्के निघाले, आणि अपघात न झालेल्यांत ३३. दुसरा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा. तेथे १९९५ च्या जानेवारीपासून वाहनविम्यात वेदनेबद्दल मिळणारी रक्कम बंद झाली आणि मानेचे दावे २८ टक्क्यांनी घटले. आकडे खरे आहेत. पण दावे घटणे म्हणजे दुखणे घटणे नव्हे; खिडकी बंद केली की रांग मोडतेच. आणि २००८ साली मानदुखीवरील आंतरराष्ट्रीय मंडळाने जगभरचे अभ्यास पाहून सांगितले की अशा अपघातातल्या सुमारे निम्म्या लोकांना वर्षानंतरही मानेची काही तक्रार असते. आम्ही यातून एवढेच घेतो: ज्या माणसाला दोन वर्षे दर महिन्याला आपले दुखणे सिद्ध करत बसावे लागते, त्याचे लक्ष बरे होण्यावर राहत नाही. दोष माणसाचा कमी, तारखांचा जास्त.

उपचारांबद्दल फार बोलत नाही. मानेचा पट्टा महिनोन्‌महिने वापरू नये; मान लवकर हलवायला लागावे आणि शक्य तितक्या लवकर हलक्या कामावर यावे, हे आता सर्वमान्य आहे. पण ‘हलके काम’ नावाची वस्तू मार्केट यार्डात मिळते कुठे? हमालाने पोते उचलायचे, नाहीतर घरी बसायचे. तात्पुरत्या अपंगत्वात कायद्याने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पाव हिस्सा द्यावयाचा, म्हणजे पंधरा हजारवाल्याला महिन्याला साडेसात हजार. त्यात चार तोंडे जगवायची असल्याने तो तिसऱ्या आठवड्यातच पोत्याखाली मान घालतो, आणि मग पहिली प्रत दुसरीत जाते.

येथे आम्ही त्या हमालाच्या टक्क्याकडे परत येतो. अमेरिकन वैद्यक संघाच्या मार्गदर्शिकेची पाचवी आवृत्ती अशा मानेला, काही निश्चित खुणा सापडल्यास, सबंध शरीराच्या पाच ते आठ टक्के देते. आपल्याकडचे डॉक्टर हा आकडा उचलून प्रमाणपत्रात लिहितात आणि काम झाले म्हणतात. पण तो आकडा शरीराच्या उणेपणाचा आहे, कमाईच्या उणेपणाचा नाही. ती मार्गदर्शिकाच हा भेद सांगते. आपल्या कायद्याने विचारले आहे ते कमाईबद्दल. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराचा दावा आला. परिशिष्टातला टक्का शंभर नव्हता. न्यायालयाने म्हटले, सुतारकाम एका हाताने होत नाही, त्याची कमाईची शक्ती पूर्ण गेली. शंभर टक्के द्या.

मानेला हाच न्याय लावा. पेढीवर जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाची मान वीस अंश कमी वळली तर तो खुर्ची फिरवून घेईल. ट्रकचालकाला मागे पाहता येणार नाही. आणि हमाल? त्याचे तर हत्यारच मान आहे. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पोते आणि खाली मान. माथ्यावर वाहतो म्हणूनच तर त्याला माथाडी म्हणतात. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भरपाईचा कायदाही त्यांना लागू केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुष कामगाराच्या ओझ्याची शिफारस ५५ किलोंवर आणली. आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे शंभर किलोची पोती या मानांवरून गेली. अशा माणसाची मान सहा टक्के बिघडली तर त्याची कमाई सहा टक्केच बुडते, असे कोणी शपथेवर म्हणू शकेल काय?

तेव्हा आमच्या मते प्रमाणपत्रात दोन आकडे स्वतंत्र लिहावेत. एक मानेचा, मोजमापांसह. दुसरा कमाईचा, कारणांसह: हा काय काम करत होता, त्यात मान किती लागते, आता तो काय करू शकतो, ते काम त्याच्या वयाच्या व शिक्षणाच्या माणसाला या गावात मिळते का. हे लिहिण्याची घाईही करू नये. मान सुधारायची थांबली, पुढे-मागे काहीच सरकत नाही, असे दिसल्यावरच कायमचा टक्का काढावा. तोवर पंधरवड्याची रक्कम चालू ठेवावी. दुसऱ्या महिन्यात दिलेला टक्का, मोठा असो वा शून्य, आम्ही अंदाज समजतो.

आणि समोरच्या मंडळींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मान लचकल्यास त्याच दिवशी मुकादमाला सांगा आणि डॉक्टरच्या पहिल्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, धक्का कसा बसला हे लिहवून घ्या. पुढे त्या चिठ्ठीला जितके वजन येते तितके वर्षानंतर आणलेल्या रंगीत प्रमाणपत्राला येत नाही. मालकांनीही अपघाताची नोंद वहीत करावी. नोंद टाळल्याने दावा टळत नाही, उलट देणे थकले की त्यावर बारा टक्के व्याज आणि वर दंड चढू शकतो. पाच-दहा हजार हातावर ठेवून ‘माझी काही मागणी नाही’ असा अंगठा घेण्याची रीत तर निव्वळ फसवी आहे. १९२३ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानेच भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरवला होता. समझोता करावयाचा असल्यास तो आयुक्तांकडे, म्हणजे नव्या संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, नोंदवून घ्यावा लागतो. रक्कम फारच अपुरी दिसली तर तो अधिकारी नोंदणी नाकारू शकतो, आणि त्यासाठी त्याला डॉक्टरचे ते दोन आकडे आधी वाचायला मिळावे लागतात.